एका बाजूला बसलेली जुनी गाडी : कल कसा शोधावा, कसा दूर करावा

सपाट फरशीवर उभी असलेली जुनी फियाट किंवा ॲम्बेसेडर समोरून पाहिली, की पुष्कळदा तिचा एक खांदा उतरलेला दिसतो. गॅरेजच्या बोलीत याला ‘गाडी एका बाजूला बसली’ असे म्हणतात. हा दोष केवळ रूपाचा नाही. चारही चाकांवरील भार विषम झाला, की ब्रेक लावताना गाडी एका अंगाला ओढते, टायर एका कडेने झिजतात आणि हेडलाइटचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जातो. क्वचित प्रसंगी हा कल गंजून खचू लागलेल्या चॅसीची पहिली खूण असतो. म्हणून उतरलेल्या बाजूला नवी स्प्रिंग घालून मोकळे होण्याआधी कारण शोधणे आवश्यक ठरते.

आपल्याकडील जुन्या गाड्यांची रचना

वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात फियाट 1100 तयार होऊ लागली आणि 1974 पासून ती ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली गेली. तिच्या पुढील चाकांना दुहेरी विशबोन आणि वेटोळ्याची स्प्रिंग, तर मागे अखंड ॲक्सल व पाटे असतात. मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज 3 वरून घडलेल्या ॲम्बेसेडरला मागे पाटेच आहेत. पुढे मात्र तिच्या जुन्या मॉडेलांत टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन भार पेलणारी पोलादी दांडी आहे. गोव्यात 1961 पूर्वी आयात झालेल्या युरोपीय गाड्यांची भर यात पडते. फोक्सवॅगन बीटलमध्ये तर पुढे आणि मागे दोन्हीकडे टॉर्शन बारच काम करतात.

ॲम्बेसेडरचे उत्पादन 2014 मध्ये थांबले. मुंबईतील अखेरची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी 2003 मध्ये रस्त्यावर आली होती. वीस वर्षांची मुदत संपून तीही ऑक्टोबर 2023 मध्ये निवृत्त झाली. सुटे भाग दुर्मीळ होत असताना चुकीच्या निदानापायी चांगला मूळ भाग भंगारात जाणे परवडणारे नाही.

मोजमाप : पहिली पायरी

डोळ्यांवर विसंबू नये. गाडी खरोखर सपाट जागी उभी करावी. चारही टायर एकाच मापाचे असावेत आणि दोन्ही बाजूंच्या टायरांत हवेचा दाब समान ठेवावा. डिकी रिकामी करावी. गाडी थोडी पुढेमागे ढकलावी आणि प्रत्येक कोपरा दोन-तीनदा दाबून सोडावा, म्हणजे सांध्यांत अडकलेला ताण मोकळा होतो.

त्यानंतर चाकाच्या मध्यबिंदूपासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे उभे अंतर मोजावे. या मापात टायरच्या झिजेचा फरक येत नाही. मात्र अपघातानंतर ठोकून सरळ केलेले मडगार्ड फसवू शकते. त्यासाठी चॅसीवरील दोन्हीकडच्या समान बिंदूंचे जमिनीपासूनचे अंतरही नोंदवावे. मडगार्डच्या मापात फरक आणि चॅसीच्या मापात मात्र समानता आढळली, तर दोष पत्र्यात आहे, स्प्रिंगमध्ये नाही.

डाव्या-उजव्या बाजूंत सुमारे 10 मिलिमीटरपर्यंतचा फरक जुन्या गाडीत सहसा चिंतेचा मानला जात नाही. एकट्या चालकाने वर्षानुवर्षे चालवलेल्या गाडीत उजवी बाजू किंचित अधिक बसलेली असणे स्वाभाविक आहे.

दोष पुढे की मागे?

सर्वाधिक फसगत येथे होते. गाडीचा सांगाडा ताठ असतो. एका कोपऱ्याची स्प्रिंग बसली, की त्या बाजूचे दुसरे चाकही दबलेले भासते आणि तिरकस समोरच्या कोपऱ्यावरही परिणाम होतो. मागचा कल पाहून पाटे बदलावेत आणि दोष पुढच्या स्प्रिंगमध्ये निघावा, असे वारंवार घडते.

यावर एक साधी कसोटी आहे. मागील चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावून पुढील क्रॉसमेंबरच्या नेमक्या मध्यावर जॅक लावावा आणि पुढील चाके जमिनीपासून जेमतेम सुटतील इतकीच गाडी उचलावी. आता पुढचा भाग एकाच बिंदूवर टेकलेला असल्यामुळे त्याच्या स्प्रिंगांचा कलावर प्रभाव उरत नाही. मागची बाजू एकटीच कल ठरवते. या स्थितीत मागची दोन्ही मापे जुळली, तर दोष पुढे आहे. ती विषमच राहिली, तर मागे.

उदाहरणादाखल, पुढे डावीकडे 372 व उजवीकडे 390 मिलिमीटर आणि मागे डावीकडे 401 व उजवीकडे 409 मिलिमीटर अशी मापे आली. पुढून मध्यावर उचलल्यानंतर मागे दोन्हीकडे 405 भरले, तर मागचे पाटे निर्दोष ठरतात.

हीच परीक्षा उलट बाजूने, मागील डिफरन्शियलच्या मध्याखाली जॅक लावून करावी. हँडब्रेक मागील चाकांवरच चालतो, त्यामुळे मागची चाके उचलताना पुढील चाकांना ठोकळे लावणे अनिवार्य आहे. जॅकवर तोललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये; मापे बाहेरूनच घ्यावीत. अँटी-रोल बार असल्यास त्याची एक कडी सोडून मापे पुन्हा घ्यावीत, कारण वाकलेला बार निरोगी स्प्रिंगांनाही तिरके करतो.

नेमके काय बिघडते?

शॉकअबझॉर्बर बदलल्याने कल जाईल, हा समज चुकीचा आहे. साधा हायड्रॉलिक शॉकअबझॉर्बर गाडीचे वजन पेलत नाही. तो केवळ हेलकावे आवरतो. वजन पेलतात त्या स्प्रिंगा.

वेटोळ्याच्या स्प्रिंगचे टोक तुटणे, ती बैठकीच्या खाचेत नीट न बसणे किंवा एका बाजूची रबरी गादी नाहीशी होणे, ही पुढील दोषाची नेहमीची कारणे आहेत. दोन्ही स्प्रिंगा काढून शेजारी उभ्या करून पाहाव्यात. शंका राहिल्यास त्यांची अदलाबदल करावी. कल दुसऱ्या बाजूला गेला तर दोष स्प्रिंगचा; जागीच राहिला तर बैठक, आर्म किंवा चॅसी तपासावी. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये जीवघेणी शक्ती साठलेली असते, म्हणून हे काम योग्य कंप्रेसरशिवाय हाती घेऊ नये.

पाट्यांमध्ये तुटलेले पान, उतरलेली कमान, कातरलेला सेंटर बोल्ट आणि जाम झालेले शॅकल पाहावे. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने आणि खारा वारा यांमुळे पाट्यांच्या पानांत गंज फुगतो, शॅकल हलेनासे होते आणि तो कोपरा उंचच राहतो. त्याहून गंभीर बाब म्हणजे पाट्याचा हँगर जेथे चॅसीला जोडलेला असतो, तेथील पत्रा कुजणे. तेथे टोकदार पेचकस दाबून पाहावा. तो आत रुतला, तर गाडी चालवणे तत्काळ थांबवून आधी तो भाग दुरुस्त करावा.

रबरी बुश हे दुर्लक्षित कारण आहे. चाके लोंबकळत असताना बुशचे बोल्ट आवळले, तर रबर त्याच स्थितीत धरले जाते आणि गाडी खाली उतरल्यावर पीळ घेऊन तो कोपरा वर रेटते. काही दिवसांत ते फाटतेही. बोल्ट प्रथम हलके ठेवून, गाडी चाकांवर उभी राहिल्यानंतरच पूर्ण आवळावेत.

उपाय आणि वर्ज्य गोष्टी

स्प्रिंगा नेहमी जोडीने बदलाव्यात. लहानसा फरक उरल्यास बैठकीखाली योग्य जाडीची चकती घालता येते. मात्र विशबोनवरील स्प्रिंग चाकाच्या आतल्या बाजूस असते. ती आर्मच्या मध्यावर टेकत असेल, तर 5 मिलिमीटरची चकती चाकापाशी सुमारे 10 मिलिमीटर उंची वाढवते.

उंच बाजूची स्प्रिंग कापणे हा घातक उपाय होय. आठ कार्यरत वेढ्यांपैकी एक कापला, तर स्प्रिंग सुमारे 14 टक्के कडक होते आणि दोन बाजू दोन स्वभावांच्या बनतात. गॅस बत्तीने तापवून स्प्रिंग बसवणे त्याहून वाईट, कारण पोलादाचे पाणीच उतरते. उतरलेल्या पाट्यांना जाणकार कारागिराकडून पुन्हा कमान देता येते. दोन्ही बाजूंना ती एकाच मापाची द्यावी आणि तुटलेले पान सांधण्याऐवजी बदलावे.

टॉर्शन बारची उंची त्याच्या टोकाशी असलेल्या ॲडजस्टरने किंवा खाचांनी जुळवतात. बीटलच्या मागील दांडीला आतल्या टोकास 40 व बाहेरच्या टोकास 44 खाचा असतात. एक टोक एक खाच पुढे आणि दुसरे एक खाच मागे फिरवले, की निव्वळ फरक जेमतेम 0.8 अंशाचा पडतो. इतकी सूक्ष्म जुळणी त्यामुळे शक्य होते. वापरलेल्या दांडीला पिळाची दिशा मुरलेली असते, म्हणून डावी-उजवी दांडी कधीही बदलू नये. तिला पाइप पान्याने धरू नये. पृष्ठभागावरील ओरखड्यातूनच पुढे तडा जातो.

काम संपल्यानंतर

उंची बदलली, की चाकांचा कॅम्बर आणि टो बदलतात. अलाइनमेंट आणि हेडलाइटची जुळणी करूनच गाडी रस्त्यावर आणावी. सुमारे 200 किलोमीटर चालवून मापे पुन्हा घ्यावीत, कारण नव्या स्प्रिंगा आरंभी थोड्या बसतात.

पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या दुचाकी-चारचाकींसाठी केंद्र सरकारने 2021 मध्ये ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले आहेत. चॅसी, बॉडी शेल आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसणे ही त्यातील अट आहे. म्हणून कुजलेला भाग दुरुस्त करताना मूळ रचना जपावी आणि आधीची व नंतरची छायाचित्रे मापांसह जतन करावीत. पुढे कल पुन्हा उद्भवला, तर कोणता कोपरा किती बसला हे त्या नोंदींवरून लगेच कळते आणि निदान पहिल्यापासून करावे लागत नाही.