काळ्या तिळांचा काढा

पाळी लांबली किंवा दिवसभरात आटोपली, की काळे तीळ आणि गूळ उकळून देण्याची रीत जुनी आहे. पाळी वेळेवर न येणे, अंगावरून कमी जाणे आणि सोबत वेदना, या अवस्थेला सुश्रुतसंहिता आर्तवक्षय म्हणते. त्यावर शोधन आणि उष्ण गुणाची द्रव्ये सुचवते. पाळी बंदच पडली असेल तर मासे, कुळीथ, तीळ, उडीद, कांजी, दही असा आहारच सांगितला आहे. कोकणातल्या चुलीला यातले बहुतेक ओळखीचे. काढा सौम्य, पाळी आणण्यासाठी देतात त्या रजःप्रवर्तनी वटीचे मात्र तसे नाही. तिच्यात काळा बोळ (कोरफडीचा आटवलेला रस), हिराकस, हिंग आणि टाकणखार असतो. दिवस गेलेले नाहीत याची खात्री झाल्याशिवाय ती मुळीच घेऊ नये, आणि मैत्रिणीला लागू पडली म्हणून तर नाहीच. चांगला वैद्य आधी कारण शोधतो: रोडावलेल्या बाईला दूध, तूप, शतावरी, मेद वाढलेलीला निराळे उपचार. थायरॉइड, पीसीओडी किंवा पंडुरोग असल्यास नुसत्या काढ्यावर विसंबू नये. एरवी नियमित असलेली पाळी सलग तीन महिने आली नाही, तर तपासणी करून घ्यावीच.