संवाहक बहुवारिके
संवाहक बहुवारिके : विद्युत् प्रवाह वाहून नेऊ शकणारी कार्बनी बहुवारिके (लहान रेणू एकमेकांना जोडले जाऊन बनलेल्या लांब साखळ्यांची संयुगे). बहुवारिक म्हणजे निरोधक, ही समजूत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत दृढ होती. तारांवर रबराचे वा प्लॅस्टिकाचे आवरण घालतात ते याच गुणामुळे. तथापि काही बहुवारिकांच्या साखळीत एकेरी व दुहेरी बंध एकाआड एक असतात. अशा साखळीतून ऑक्सिडीकरणाने काही इलेक्ट्रॉन काढून घेतले, तर उरलेल्यांना साखळीभर हालचाल करण्यास वाव मिळतो. या क्रियेस डोपिंग म्हणतात.

पॉलिॲनिलीन हे यांतील सर्वांत जुने. हेन्री लेदबी यांनी १८६२ मध्ये ॲनिलिनाच्या विद्युत् विच्छेदनाने प्लॅटिनमावर त्याचा निळसर हिरवा थर मिळविला होता. पण त्याच्या संवाहकतेचा विचार तेव्हा झाला नाही. ऑस्ट्रेलियात डॉनल्ड वाइस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये आयोडीनयुक्त पॉलिपायरोलाची संवाहकता प्रसिद्ध केली. तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. शोधाचा इतिहास १९७७ पासून सांगण्याचा प्रघात त्यामुळे पडला असला, तरी तो पुरता न्याय्य नाही.

टोकिओत हिदेकी शिराकावा ॲसिटिलिनाच्या बहुवारिकीकरणाचा अभ्यास करीत असता १९६७ मध्ये एका पाहुण्या संशोधकाकडून उत्प्रेरक सुमारे हजारपट अधिक पडला आणि काळ्या भुकटीऐवजी चंदेरी पातळ पटल मिळाले. हे पटल पाहून ॲलन मॅक्डायर्मिड यांनी शिराकावांना पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बोलाविले. तेथे नोव्हेंबर १९७६ मध्ये पटलास ब्रोमिनाची वाफ देताच त्याची संवाहकता सुमारे एक कोटी पटींनी वाढली. भौतिकीविज्ञ ॲलन हीगर यांच्यासह या तिघांना २००० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

डोपिंग उलट करता येत असल्याने पुनर्भारणक्षम विद्युत् घटाची कल्पना लगेच पुढे आली. मॅक्डायर्मिड, हीगर व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये पॉलिॲसिटिलिनाची विद्युत् अग्रे असलेल्या हलक्या घटाचे वर्णन प्रसिद्ध केले. जड शिशाऐवजी प्लॅस्टिकाची घटमाला, ही अपेक्षा मोठी होती. ती सफल झाली नाही. पॉलिॲसिटिलीन हवेत टिकत नाही, हे एक कारण. पॉलिॲनिलीन त्या मानाने पुष्कळ स्थिर. त्याचा व लिथियमाचा नाण्याच्या आकाराचा घट जपानमध्ये १९८७ मध्ये विक्रीस आला, पण त्याचाही प्रसार झाला नाही. खरी अडचण मूलभूत होती. घट भारित होताना विद्युत् विच्छेद्यातील ऋण आयन बहुवारिकात शिरतात. त्यामुळे ते पुरविण्याइतका विद्राव घटात वाहावा लागतो आणि हलकेपणाचा लाभ बराचसा निघून जातो. शिवाय लिथियम कोबाल्ट ऑक्साइडाची घनता घ. सेंमी.ला सुमारे ५ ग्रॅ., तर बहुवारिकाची दीडच्याही आत. म्हणजे तेवढ्याच ऊर्जेस जागा अधिक. सोनी कंपनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन घट बाजारात आणल्यावर ही स्पर्धा संपली. छायाचित्रण फिल्मवरील स्थिरविद्युत् विरोधी लेप आणि घन धारित्रे यांत मात्र अशा बहुवारिकांना कायमचे स्थान मिळाले.

घटात जो दोष ठरला, तोच अन्यत्र गुण ठरला. पॉलिॲनिलिनाची संवाहकता भोवतालच्या अम्लतेनुसार व ऑक्सिडीकरणानुसार बदलते. मुंबईतील पवईच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत अ. क्यू. काँट्रॅक्टर व सहकाऱ्यांनी या बदलाचाच उपयोग केला. जवळजवळ ठेवलेल्या सूक्ष्म विद्युत् अग्रांमध्ये पॉलिॲनिलीन निक्षेपित करून त्यातच एंझाइम अडकविले, की ग्लुकोज, यूरिया किंवा ट्रायग्लिसराइड यांवरील एंझाइमाच्या विक्रियेने अम्लता बदलते आणि तो बदल प्रवाहात दिसतो. बहुवारिकाची निर्मिती व एंझाइमाचे स्थिरीकरण एकाच विद्युत् रासायनिक पात्रात करण्याची त्यांची पद्धत १९९२ मध्ये, तर अशा संवेदकांचा संच १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तपरीक्षेसाठी एकाच तुकड्यावर अनेक घटक मोजण्याचा हा प्रयत्न त्या काळात भारतात विरळाच होता.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात चंद्रकांत लोखंडे यांच्या गटाने रासायनिक निक्षेपणाच्या अल्पखर्चिक पद्धतींनी पॉलिॲनिलिनाचे व धातूंच्या ऑक्साइडांचे थर बनवून महाधारित्रांसाठी तपासले. महाधारित्रात ऊर्जेपेक्षा भारण-विभारणाचा वेग महत्त्वाचा असल्याने बहुवारिकांची उणीव तेथे कमी जाणवते. मात्र आयन आत-बाहेर जाताना थर फुगतो व आकसतो आणि हजारो आवर्तनांनंतर भंगू लागतो. कार्बनाशी वा ऑक्साइडाशी त्याचा संयोग करून हे टाळण्याच्या दिशेने पुढील बरेच संशोधन झाले.