ब्रॉयलर कोंबड्यांचे आंत्ररोग

मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्यांच्या आतड्यांना आदिजीव, जीवाणू व विषाणू यांच्यामुळे होणारे रोग. ब्रॉयलर पक्षी सुमारे सहा आठवड्यांत विक्रीस येत असल्याने मरतूक नसतानाही पचन बिघडून वजन घटते, आणि खरे नुकसान बहुधा तेच असते.

रक्ती हगवण (कॉक्सिडिओसिस) : हा रोग आयमेरिया वंशातील एकपेशीय परजीवींमुळे होतो. कोंबडीतील सात जाती सर्वमान्य असून प्रत्येकीची आतड्यातील जागा ठरलेली असते. आ. टेनेला अंधांत्रांत, म्हणजे आतड्याच्या शेवटाकडील दोन बंद पिशव्यांत, वाढते आणि विष्ठेतून रक्त पडते; आ. ॲसर्व्हुलिना आतड्याच्या आरंभी, तर आ. मॅक्सिमा मध्यभागी वाढते व या दोहोंत रक्त सहसा दिसत नसल्याने रोग दुर्लक्षित राहतो. विष्ठेतील ऊसिस्ट (परजीवीची कवचयुक्त अवस्था) लिटरमधील (जमिनीवर पसरलेल्या तुसाच्या अंथरुणातील) ओल, ऊब व प्राणवायू मिळताच एक-दोन दिवसांत संसर्गक्षम बनतात. नेहमीची जंतुनाशके त्यांच्या कवचापुढे निष्प्रभ ठरतात. शवविच्छेदनात विकृतीची तीव्रता जॉन्सन व रीड यांच्या 1970 च्या पद्धतीनुसार 0 ते 4 अशी मोजतात. एका जातीविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्या जातीपासून संरक्षण देत नाही, म्हणून जिवंत ऊसिस्टांच्या लसीत अनेक जाती एकत्र असतात.

ऊतकनाशी आंत्रशोथ : क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा जीवाणू निरोगी आतड्यातही असतो; आयमेरियाने अस्तर फाडल्यामुळे रक्तद्रवातील प्रथिने आतड्यात झिरपू लागली, किंवा खाद्यात मासळीची भुकटी, गहू वा बार्ली जास्त झाली, की तो झपाट्याने वाढतो. त्यामुळे या रोगाचा विचार रक्ती हगवणीपासून तोडून करणे चुकीचे ठरते. रोगाचे वर्णन इंग्लंडमध्ये 1961 मध्ये झाले. विकृतीचे कारण दीर्घकाळ या जीवाणूचे अल्फा विष मानले जाई. 2008 मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधकांनी नेटबी हे विष निर्णायक असल्याचे दाखवले, तथापि अल्फा विषाच्या वाट्याबद्दल मतभेद आहेत.

इतर : रिओ, रोटा व ॲस्ट्रो विषाणू खुरटेपणाशी जोडले जातात. कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी पक्ष्याला क्वचितच आजारी पाडतो, पण माणसाला हगवण देतो.

नियंत्रण : मोनेन्सिनसारखी आयोनोफोर औषधे आयमेरियाबरोबरच क्लॉस्ट्रिडियमलाही आवर घालतात. युरोपीय संघाने 2006 पासून वाढवर्धक प्रतिजैविके बंद केली. भारताने 2019 मध्ये खाद्य-प्राण्यांत कोलिस्टिन या प्रतिजैविकावर बंदी घातली. पावसाळ्यात लिटर कोरडे ठेवणे, ते वरखाली करणे आणि गळकी पाण्याची भांडी तत्काळ दुरुस्त करणे यांना औषधाइतकेच महत्त्व आहे.