आकाशाचें दप्तर

वऱ्हाडांतील देशमुख-देशपांड्यांच्या जुन्या वाड्यांतून सांपडणारे जमाखर्चाचे कागद इतिहासाच्या अभ्यासकास बखरीपेक्षां अधिक विश्वसनीय वाटतात. बखर लिहिणारास कांहीं तरी सिद्ध करावयाचें असतें. जमाखर्च लिहिणारास त्या दिवसाच्या नोंदीपलीकडे कांहीं हेतु नसतो, आणि म्हणूनच त्याची साक्ष मोलाची ठरते. अशीच निर्हेतुक साक्ष ज्योतिःशास्त्रास एका मोठ्या प्रश्नाच्या निर्णयांत उपयोगी पडली असून, त्या कामांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचाही वांटा आहे. ती हकीकत अमरावती-अकोल्याकडील आमच्या वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रश्न गुरुत्वाकर्षणाचा. न्यूटनच्या नियमाप्रमाणें बुधाची कक्षा जितकी फिरावयास पाहिजे, त्याहून ती किंचित् अधिक फिरते, हें लव्हेरिए या फ्रेंच गणित्यानें 1859 सालीं दाखविलें. हा फरक शंभर वर्षांत अवघा 43 विकला, म्हणजे एका अंशाच्या ऐंशीव्या हिश्शाइतका आहे. त्याचा उलगडा 1915 सालीं आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षतावादानें झाला. आणि 1919 च्या खग्रास ग्रहणांत सूर्याजवळून येणारे ताऱ्यांचे किरण वांकतात असें दिसून आल्यावर त्या सिद्धान्ताचा जगभर बोलबाला झाला. परंतु सूर्याचें गुरुत्व त्या मानानें दुबळें. तेथें खरा ठरलेला सिद्धान्त प्रबळ गुरुत्वापाशींही खरा ठरेल, असें गृहीत धरून चालत नाहीं. शिवाय प्रतिस्पर्धी सिद्धान्तही होतेच. कोल्हापूरास जन्मलेल्या कै. जयंत नारळीकरांनीं फ्रेड हॉइल यांच्यासह 1964 सालीं असा एक सिद्धान्त मांडला होता. तेव्हां कसोटी पाहिजे ती जेथून प्रकाशही निसटूं शकत नाहीं, अशा कृष्णविवराच्या शेजारची.

कर्क राशींत ‘ओजे 287’ नांवाचा एक अतिदूरचा प्रकाशबिंदु आहे. त्याचा प्रकाश आपणांपर्यंत पोहोंचण्यास सुमारें साडेतीनशें कोटि वर्षें लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वेधशाळांनीं अन्य कामांसाठीं घेतलेल्या आकाशाच्या छायाचित्रांत हा बिंदु सहजगत्या उमटत गेला. त्याकडे कोणाचें लक्ष नव्हतें. नोंद मात्र राहिली. पुढें 1988 सालीं फिनलंडांतील ज्योतिर्विदांनीं त्या नोंदी जुळवून पाहिल्या, तेव्हां हा बिंदु दर बारा वर्षांच्या सुमारास उजळतो असें आढळलें.

याचा अर्थ पुढें असा लावण्यांत आला कीं, सूर्याच्या सुमारें 1800 कोटि पट वस्तुमानाच्या एका कृष्णविवराभोंवतीं तप्त वायूची तबकडी फिरत असून, सूर्याच्या सुमारें 15 कोटि पट वस्तुमानाचें दुसरें कृष्णविवर प्रदक्षिणा घालतांना ती तबकडी दर फेरींत दोनदां भेदून जातें. बुधाची कक्षा शतकांत 43 विकला अधिक फिरते. ही कक्षा बारा वर्षांच्या एकाच फेरींत सुमारें 39 अंश फिरते! म्हणून उद्रेकांचे दिवस सारख्या अंतरानें येत नाहींत, ते गणितानें काढावे लागतात. आणि सिद्धान्त चुकला तर दिवस चुकतो.

अशी जोडी गुरुत्वलहरींच्या रूपानें शक्ति गमावीत जवळ जवळ येत जाते, असें आइन्स्टाइनचें गणित सांगतें. ही हानि नसती तर 2007 चा उद्रेक सुमारें वीस दिवस उशिरां आला असता. तो सांगितल्याप्रमाणें सप्टेंबरच्या मध्यास आला. नंतर 2018 सालीं टाटा संस्थेंतील लंकेश्वर डे व ए. गोपकुमार यांनीं फिनलंडच्या माउरी व्हाल्टोनेन प्रभृतींसह 31 जुलै 2019 हा दिवस वर्तविला. त्या वेळीं सूर्य आड असल्यामुळें पृथ्वीवरील दुर्बिणींचा उपाय नव्हता. परंतु पृथ्वीपासून सुमारें 25 कोटि किलोमीटर दूर असलेल्या ‘स्पिट्झर’ या अवकाश-दुर्बिणीनें तो उद्रेक टिपला. भाकीत व घटना यांत चार तासांहून अधिक अंतर पडलें नाहीं.

येथें थांबलों तर आम्हींही बखरच लिहिली असें होईल. ऑक्टोबर 2022 मध्यें अपेक्षिलेला उद्रेक दिसला नाहीं. मोठ्या कृष्णविवराचें वस्तुमान सूर्याच्या 10 कोटि पटीच्याच घरांत असावें, असें स्टेफनी कोमोसा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 2023 सालीं प्रतिपादिलें. उद्रेक ऑक्टोबरपूर्वींच, सूर्य आड असतांना, होऊन गेला असावा, असें व्हाल्टोनेन यांच्या पक्षाचें म्हणणें. यांत आइन्स्टाइनचा सिद्धान्त खोटा ठरत नाहीं; परंतु ज्या जोडीवर कसोटी उभारली तिचें मापच निराळें निघालें, तर मागील यशाचाही अर्थ नव्यानें लावावा लागेल. हा निवाडा पुढील उद्रेकांच्या नोंदींवर सोंपविणें भाग आहे.

नोंदी ठेवण्याचें काम आतां आपल्या दाराशींही चाललें आहे. पुणें जिल्ह्यांत खोडद येथें 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची रेडिओ-दुर्बीण आहे. तिच्या वेधांचा आधार घेऊन भारतीय व युरोपीय शास्त्रज्ञांनीं जून 2023 मध्यें अतिमंद गुरुत्वलहरींचा पुरावा मांडला; त्या महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांपासून येत असाव्या असा तर्क आहे. अकोल्याहून वाशिमवरून आगगाडीनें हिंगोलीस जातां येतें. त्याच जिल्ह्यांत औंढा नागनाथजवळ, लहान कृष्णविवरांच्या टकरींच्या लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारनें एप्रिल 2023 मध्यें मंजुरी दिली. वऱ्हाडांतील तरुणांपैकीं कोणी अशा कामांत शिरले, तर त्यांनीं प्रत्येक नोंद तारीखवार, स्वच्छ आणि कोणाचीही बाजू न घेतां ठेवावी. तिचा उपयोग कोणत्या वादांत, कोणत्या पिढीस होईल, हें लिहिणारास आधीं कळत नसतें.