तलावांच्या जिल्ह्यातील आयते

तांदळाचे पीठ मीठ घालून पाण्यात पातळ कालवायचे आणि तापलेल्या तव्यावर कडेकडून मध्याकडे ओतायचे, अशा रीतीने होणारे धिरडे पूर्व विदर्भात ‘आयते’ म्हणून ओळखले जाते. भंडारा जिल्ह्यातील या साध्या घरगुती पदार्थाचा इतिहास तेथील तलावांपासून वेगळा काढता येत नाही. गोंड राजवटीत कोहळी समाजातील जाणकारांनी उताराचा अचूक अंदाज घेऊन मातीच्या पाळी बांधल्या, पावसाचे पाणी अडवले आणि ते पाटांनी बांध्यांत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या खाचरांत, खेळवले. त्यामुळे पश्चिम विदर्भाच्या ताटात ज्वारीची भाकरी राहिली, तर येथे भात आणि तांदळाचे पदार्थ रुजले. धानाच्या ओलीवर येणारी लाखोरी डाळ आणि जवसाचे तेल यांनी हे जेवण पुरे केले. आयत्याला जाळी पडावी, कड सुटावी, पण ते कडक होऊ नये, हे कसब मात्र कोणत्याही दप्तरात नोंदले गेले नाही; ते सासू-सुनांच्या हातांतून पुढे आले आणि म्हणूनच या इतिहासाचा तो सर्वांत मोलाचा भाग मानला पाहिजे. ब्रिटिश अमलात हे तलाव मालगुजारांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनमालकांच्या, ताब्यात होते; 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले आणि पुढे अनेक तलाव गाळाने भरले. 1999 मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तरी धान हेच दोन्ही जिल्ह्यांचे मुख्य पीक आहे.