केशकर्तन व केशाचार, महाराष्ट्रातील

केस कापणे, राखणे, रंगविणे अथवा मुळीच न ठेवणे यांसंबंधीचे समाजमान्य संकेत म्हणजे केशाचार. केसांची ठेवण ही आज व्यक्तीच्या आवडीची बाब मानली जाते. परंतु महाराष्ट्रात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीपर्यंत तिच्यावरून माणसाची जात, वय, वैवाहिक स्थिती आणि सुतक-सोयरही ओळखता येत असे. केशाचाराचा इतिहास हा म्हणूनच बव्हंशी सामाजिक अधिकाराचा इतिहास आहे.

ऋग्वेदात वसिष्ठकुलीयांचे वर्णन उजव्या बाजूस केसांची गाठ बांधणारे असे आले आहे. यावरून केसांची ठेवण ही कुलखूण असल्याचे दिसते. चूडाकर्म किंवा चौल हा संस्कार मनुस्मृतीनुसार पहिल्या वा तिसऱ्या वर्षी करावयाचा असतो. जावळ काढण्याच्या प्रथेच्या रूपाने तो आजही अनेक घरांत टिकून आहे. प्रौढ पुरुषाने शेंडी व तिच्याभोवती घेरा राखून बाकीचे डोके तुळतुळीत करावे, हा पेशवाईतील ब्राह्मणांचा सर्वमान्य शिरस्ता होता. पित्याच्या निधनानंतर व तीर्थक्षेत्री क्षौर विहित होते.

हे काम करणारा न्हावी हा बलुतेदार. त्यास प्रत्येक वेळच्या श्मश्रूबद्दल पैसे मिळत नसत, तर सुगीच्या वेळी धान्याच्या रूपाने वर्षाचे बलुते मिळे. श्मश्रूखेरीज मालिश करणे, लग्नकार्यात मानाची कामे करणे, किरकोळ शस्त्रक्रिया करणे अशी अनेक कामे त्याच्याकडे असत. वारकरी संप्रदायातील सेना न्हावी यांनी आपल्या व्यवसायालाच अभंगात परमार्थाचे रूपक केले आहे. ज्याच्या हाती प्रत्येकाने आपली मान विश्वासाने द्यावी, त्याचे सामाजिक स्थान मात्र खालचेच राहिले.

विधवांचे केशवपन : केशाचारातील सर्वांत क्रूर प्रकार हा होय. पतीच्या निधनानंतर स्त्रीचे केस वस्तऱ्याने काढून टाकण्यात येत आणि पुढे आयुष्यभर ठराविक दिवसांनी न्हाव्यासमोर बसणे तिला भाग पडे. कित्येकदा ही स्त्री म्हणजे पतीचे तोंडही धड न पाहिलेली मुलगी असे. आलवण नेसलेली, डोक्यावरून पदर घेतलेली ही ‘सोवळी’ घरातील कष्टाच्या कामांना हक्काची आणि मंगलकार्यात अपशकुनी ठरे. सोवळेपणाचे हे नाव तिला कोणत्या अर्थाने शोभत होते, याचा विचार फारसा कोणी केला नाही.

ही चाल सनातन असल्याचा दावा केला जाई. परंतु मनू व याज्ञवल्क्य यांच्या स्मृतींत विधवेचे वपन सांगितलेले नाही. महामहोपाध्याय पां. वा. काणे (१८८०–१९७२) यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या प्रश्नाची साक्षेपाने चिकित्सा केली आहे. विधवेचा केशबंध हा परलोकी पतीला बंधनकारक होतो, असे सांगणारे स्कंदपुराणाच्या काशीखंडातील वचन या चालीचा एक प्रमुख आधार होते. शिवाय ही चाल मुख्यतः ब्राह्मणांत व त्यांचे अनुकरण करणाऱ्या काही जातींत होती. कुणबी व इतर अनेक जातींत विधवेला पाट लावण्याची मुभा असल्याने तेथे वपनाचा प्रश्नच उद्‌भवत नसे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या चालीवर चोहोबाजूंनी टीका होऊ लागली. जोतीराव फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. ताराबाई शिंदे यांनी स्त्रीपुरुषतुलना (१८८२) या ग्रंथात विधवांच्या विटंबनेबद्दल पुरुषांना जाब विचारला. गो. ग. आगरकर यांनी सुधारक पत्रातून (स्थापना १८८८) युक्तिवादाची झोड उठविली. ह. ना. आपटे यांच्या पण लक्षात कोण घेतो? (ग्रंथरूप १८९३) या कादंबरीतील यमूचे वपन वाचून करमणूक पत्राचे वाचक हळहळले. पण हळहळ व आचार यांत अंतर होते. स्वतःच्या घरात प्रसंग आला की अनेक सुशिक्षितही वडीलधाऱ्यांपुढे मान तुकवीत.

या सर्वांत वेगळी घटना म्हणजे १८९० मधील मुंबईच्या नाभिकांचा बहिष्कार. सत्यशोधक कार्यकर्ते व गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–९७) यांच्या प्रयत्नाने भरलेल्या सभेत नाभिकांनी विधवांचे केस न काढण्याचा निश्चय केला. सुधारकांचे लेख ज्यांना उद्देशून होते ते वाद घालीत राहिले आणि ज्यांच्या हाती प्रत्यक्ष वस्तरा होता त्यांनी तो खाली ठेवला. त्यामुळे चाल तत्काळ बंद पडली नाही, हे खरे. तथापि श्रम नाकारून रूढीला विरोध करण्याचे हे उदाहरण भारतीय सामाजिक इतिहासात दुर्मिळ आहे.

पंडिता रमाबाईंचे शारदा सदन (१८८९) आणि धों. के. कर्वे यांचा अनाथ बालिकाश्रम (१८९६) यांनी विधवांना शिक्षण व निवारा दिला. कर्वे यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले (१८७०–१९५५) यांनी आश्रमासाठी निधी जमविण्याचे काम कित्येक वर्षे सोवळ्या वेषातच केले व पुढे विचारपूर्वक केस राखले. माझी कहाणी या आत्मचरित्रात त्यांनी हा प्रवास सांगितला आहे. सकेशा विधवा ही टीकेचा विषय न राहण्यास आणखी एक पिढी जावी लागली. वपन झालेल्या वृद्ध स्त्रिया पुण्यात व कोकणात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत दिसत असत.

पुरुषांच्या बाबतीत बदल तुलनेने सुखाने झाला. इंग्रजी शिक्षणाबरोबर पुढे केस वाढवून मागे शेंडी राखण्याची तडजोड आली. मग शेंडी बारीक होत होत नाहीशी झाली. अमेरिकेत १९०४ साली जिलेटच्या सुरक्षित वस्तऱ्यास एकस्व मिळाले आणि काही दशकांत दाढी हा घरी करावयाचा विधी बनला. नाभिकाच्या धोकटीची जागा शहरांत आरसे लावलेल्या केशकर्तनालयाने घेतली. तेथे पैसे मोजणारा कोणीही खुर्चीवर बसू शकतो, हे तत्त्व मात्र सर्वत्र लागू झाले नाही. अनेक खेड्यांत दलितांचे केस कापण्यास नकार दिला जाई व त्यांना आपसांतच केस कापून घ्यावे लागत. ही सेवा देणाऱ्या नाभिकावरही गावाचा दाब असे. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियमाने असा नकार दंडनीय ठरविला. हाच अधिनियम १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणून ओळखला जातो.

स्त्रियांचे अंबाडा, खोपा, बुचडा व वेणी हे प्रकार दीर्घकाळ टिकले. बॉबकट हा प्रारंभी थट्टेचा विषय होता. लव्ह इन सिमला (१९६०) या चित्रपटातील नायिकेच्या कपाळावर रुळणाऱ्या केसांमुळे ‘साधना कट’ घरोघरी पोहोचला. केस कापण्यापूर्वी घरात परवानगी मागण्याची पद्धत त्यानंतरही बराच काळ चालू होती.

पलित : केस पांढरे होण्यास संस्कृतात पलित म्हणतात. क्रोध, शोक व श्रम यांमुळे डोक्यात गेलेली उष्णता व पित्त केसांना पिकविते, अशी सुश्रुतसंहितेतील उपपत्ती आहे. मराठीतील ‘केस पिकणे’ या शब्दप्रयोगात तीच कल्पना आढळते. आधुनिक मतानुसार केसाच्या मुळाशी रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींचा साठा संपल्याने केस पांढरे होतात. तीव्र ताणामुळे हा साठा लवकर संपतो, असे २०२० साली उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले.

पिकलेला केस हा पूर्वी निवृत्तीचा संकेत होता. मखादेव जातकातील राजा पहिला पांढरा केस पाहून राज्यत्याग करतो. रघुवंशात दशरथाच्या कानाजवळ आलेले वार्धक्य पलिताच्या मिषाने रामाला राज्य देण्यास सुचविते. मनूने मात्र केस पिकल्याने कोणी वृद्ध ठरत नाही, असेही बजावले आहे. ‘हे केस उन्हाने पांढरे झालेले नाहीत’ असे ऐकविणारे वडीलधारे हा इशारा सोयीस्करपणे विसरतात. मेंदी, माका, आवळकाठी यांचे कलप जुनेच आहेत. यूजीन श्यूलर या फ्रेंच रसायनज्ञाने १९०७ मध्ये बनविलेल्या कृत्रिम रंगानंतर कलपाचा मोठा उद्योग उभा राहिला. काळ्या कलपातील पॅराफेनिलीनडायअमीन हे द्रव्य काहींच्या त्वचेस बाधते. २०२० च्या टाळेबंदीत केशकर्तनालये काही महिने बंद राहिली, तेव्हा अनेकांचे पांढरे केस प्रथमच उघड झाले. त्यांतील काही स्त्रीपुरुषांनी पुढे कलप पुन्हा लावला नाही.