शिलेदार कोणाला म्हणावे?

निवडणुका जवळ आल्या की वर्तमानपत्रांत शिलेदारांची गर्दी होते. अमक्या नेत्याचे शिलेदार, तमक्या पक्षाचा खंदा शिलेदार. आज या शब्दाचा अर्थ विश्वासू अनुयायी एवढाच उरला आहे. मराठेशाहीत तो याहून नेमका आणि मानाचा होता.

'सिलाह' म्हणजे शस्त्र, हा शब्द अरबी. त्याला फारसी 'दार' जोडला की सिलाहदार, शस्त्र बाळगणारा. मराठीने त्याचा शिलेदार केला आणि अर्थाला घोडा जोडला. स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीला येणारा स्वार तो शिलेदार; सरकारी पागेतल्या घोड्यावर बसणारा तो बारगीर. फारसीत 'बार' म्हणजे ओझे, 'गीर' म्हणजे घेणारा, आणि बारगीर म्हणजे मुळात ओझे वाहणारे जनावर. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांबरोबर हा शब्द बंगालात पोचला आणि तिथे 'बर्गी' झाला. बंगाली अंगाईगीतात त्याची धास्ती अजून टिकून आहे.

या दोन शब्दांतला फरक शौर्याचा नव्हता, घोडा कोणाचा याचा होता. रणात घोडा पडला तर शिलेदाराची पुंजीच बुडे. आपली मालमत्ता पणाला लावून राज्यासाठी लढणारा तो माणूस होता. अशा माणसांना आपल्याकडे फार जुने नाव आहे. कौटिल्याने कांबोज, सुराष्ट्र इथल्या संघांना 'वार्ताशस्त्रोपजीवी' म्हटले आहे. वार्ता म्हणजे तेव्हा बातमी नव्हे. शेती, पशुपालन आणि व्यापार. एका हाताला नांगर किंवा तराजू, दुसऱ्या हाताला शस्त्र, असे हे लोक.

इंग्रजांनी शिलेदारी उचलली ती नावासकट. त्यांच्या हिंदुस्थानी रिसाल्यांत ही पद्धत पहिल्या महायुद्धापर्यंत चालली. त्या युद्धात घोडे इतके पडले की नवे पुरवणे या पद्धतीला झेपेना, आणि युद्धानंतर ती मोडीत निघाली. त्याच सुमारास, १९२० मध्ये, हिंदुस्थानात टेरिटोरियल फोर्सचा कायदा झाला. नागरिकाने आपला पोटाचा उद्योग सांभाळून सैनिक व्हावे, ही कल्पना अशी नव्या नावाने उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कायदा आला आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते टेरिटोरियल आर्मीचे उद्घाटन झाले. मराठीत तिला आपण 'प्रादेशिक सेना' म्हणतो.

हे नाव मला तोकडे वाटते. 'प्रादेशिक' म्हटले की आपल्याला प्रादेशिक पक्ष आठवतो, नाहीतर प्रादेशिक परिवहन कार्यालय. 'टेरिटोरियल' हे विशेषण ब्रिटनमधले. तिथे १९०८ साली उभे राहिलेले हे दल मायदेशाच्या रक्षणापुरते होते. आपली प्रादेशिक सेना मात्र श्रीलंकेतही गेली आणि काश्मीरमध्येही उभी आहे. ही माणसे कुठली आहेत ते या नावावरून कळते; ती कोण आहेत ते कळत नाही.

ती कोण आहेत? पुण्यात आणि कोल्हापुरात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या प्रादेशिक पलटणी आहेत. रेल्वे आणि तेल कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांच्याही तुकड्या आहेत, संकटात गाड्या आणि इंधन चालू राहावे म्हणून. १९८२ मध्ये देहरादूनला पहिली पर्यावरण पलटण उभी राहिली. चुनखडीच्या खाणींनी उघड्याबोडक्या केलेल्या मसुरीच्या डोंगरांवर तिच्या जवानांनी झाडे लावली. छत्रपती संभाजीनगरला महार रेजिमेंटची अशीच पलटण मराठवाड्यात झाडे जगवते आहे. देशरक्षणात डोंगर आणि रूळ दोन्ही आले, इतका या शब्दाचा पैस वाढला आहे. आणि मे २०२५ मध्ये, पाकिस्तानशी संघर्ष पेटला असताना, प्रादेशिक सेनेला बोलावण्याचे अधिकार केंद्र सरकारने लष्करप्रमुखांना दिले. बत्तीसपैकी चौदा पायदळ पलटणी तैनात करण्याची मुभा त्यात होती. हे दल गरजेला धावणारे आहे, शोभेचे नाही.

माझ्या मते शिलेदार हे नाव या माणसांना सर्वांत शोभते. त्यांची बंदूक आणि गणवेश सरकारी असतो, पण ते पणाला लावतात ती स्वतःची नोकरी, धंदा आणि वर्षानुवर्षे कमावलेले कसब. इंजिन चालवणारा हात, तेलवाहिनी दुरुस्त करणारी नजर हाच आजचा घोडा. तो पडला तर? १९४८ च्या कायद्याने याचा विचार केला आहे. सेवेसाठी गेलेल्या माणसाला परतल्यावर पुन्हा कामावर घेण्याचे बंधन त्यात मालकावर घातले आहे. शिलेदाराचे नुकसान एकट्या शिलेदाराने सोसू नये, हे तत्त्व त्यातून मान्य झाले. ते पाळणे हे आपणा सगळ्यांचे काम आहे: रजेचा अर्ज हाती घेणाऱ्या साहेबाचे, आणि सेवेसाठी गेलेल्याचे काम वाटून घेणाऱ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचेही.